कूलंट लिकेज शोधायचा हातपंप: गाडीवर लावून बघितल्यानंतरचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. कूलिंग सिस्टीमचा प्रेशर टेस्टर घेतला, म्हणजे पेटीत एक हातपंप, त्याच्या डोक्यावर प्रेशरचा मीटर, एक रबरी नळी, वेगवेगळ्या झाकणांच्या मापाचे अडॅप्टर, शिवाय सोबत एक यूव्ही टॉर्च, पिवळा चष्मा आणि कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) टाकायच्या डायची, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणाऱ्या रंगाची, छोटी बाटली. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण हाच सेट डझनभर नावांनी विकला जातो, पेटीचा रंग तेवढा वेगळा, आत माल तोच. पंप एक नंबर, अडॅप्टर ठीकठाक, टॉर्च फालतू, आणि डाय सगळ्यांना लागेलच असं नाही. घाईत असाल तर इथेच थांबा, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो कारण अशा वस्तूंच्या रिव्ह्यूमध्ये लोक "मस्त प्रॉडक्ट, पॅकिंग छान" लिहून मोकळे होतात आणि खरंच गाडीवर लावून बघितलेला माणूस शोधूनही सापडत नाही.

माझ्या गाडीचा प्रॉब्लेम असा की एक्स्पान्शन टाकीतली (बॉनेटखालची कूलंटची टाकी) लेव्हल हळूहळू खाली जायची. मॅक्सपर्यंत भरा, काही दिवस चालवा, परत मिनच्या जवळ. गाडीखाली डबकं नाही, टेंपरेचरचा काटा जागच्या जागी, इंजिन ऑइल स्वच्छ. एका वर्कशॉपला दाखवली, त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, पुढच्या बाजूला ओल दिसली आणि म्हणाले रेडिएटर गेला, बदलून टाका. कशावरून म्हणता विचारलं तर "एवढं रनिंग झाल्यावर जातोच". जातो हे खरंच आहे, हल्लीच्या रेडिएटरला मधे ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या, त्या जोडातलं रबर कडक झालं की तिथून झिरपायला लागतं. पण सगळ्यांचे रेडिएटर कधीतरी जातात म्हणून माझा आत्ता गेलाय असं कसं होईल? कुठून गळतंय ते दाखवा मग बदलू म्हटलं, तर तिथे प्रेशर टेस्टरच नव्हता, किंवा असून काढायचा कंटाळा असेल, देव जाणे. तेव्हा ठरवलं की रेडिएटरवर खर्च करायच्या आधी ही पेटी घ्यायची.

हे यंत्र का लागतं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. चालू गाडीत कूलंट गरम होऊन फुगतो आणि सिस्टीममध्ये प्रेशर तयार होतं, किती होऊ द्यायचं ते झाकण ठरवतं. झाकणावर आकडा छापलेला असतो, कुठे 0.9 बार, कुठे 1.1, कुठे 1.4, म्हणजे प्रेशरच्या दुसऱ्या मापात 13 पासून 20 पीएसआयपर्यंत. हे प्रेशर मुद्दामच ठेवलेलं असतं, कारण दर 1 पीएसआयला उकळबिंदू साधारण दीड डिग्रीने वर सरकतो, त्यामुळे निम्मा कूलंट निम्मं पाणी असलेलं मिश्रण सव्वाशे डिग्रीलाही उकळत नाही. आता बारीक भेग असेल तर या प्रेशरखालीच तिथून थेंब बाहेर ढकलला जातो, तोही तापलेल्या लोखंडावर किंवा ॲल्युमिनियमवर पडून वाफ होऊन जातो. गाडी थांबवून, थंड करून, आपण बॉनेट उघडेपर्यंत प्रेशर गेलेलं, भेग मिटलेली, पुरावा उडून गेलेला. आणि गरम इंजिनवर झाकण उघडून बघायचा तर प्रश्नच नाही, प्रेशर एकदम सुटलं की उकळता कूलंट तोंडावर येतो आणि चांगलंच भाजतं. तर हा पंप काय करतो, थंड इंजिनमध्ये बाहेरून हवा भरून तेच प्रेशर आणतो. सायकलची ट्यूब हवा भरून पाण्यात बुडवतात तसलाच प्रकार, फक्त इथे बुडबुड्यांऐवजी कूलंटचा थेंब शोधायचा.

वापरायला सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड, टाकीचं झाकण काढायचं, त्या आट्यांना बसेल तो अडॅप्टर लावायचा, नळी जोडायची, आणि झाकणावर जो आकडा आहे तितकंच प्रेशर हळूहळू भरायचं. वर जायचं नाही. जास्त भरलं तर लवकर सापडेल असं काहींना वाटतं, पण मग चांगला हीटर कोअर (गाडीतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) किंवा रेडिएटरचा जोड फोडून ठेवाल. पंपाला प्रेशर सोडायचं बटण आहे ते व्यवस्थित चालतं, अडॅप्टर काढायच्या आधी ते दाबायचंच.

मीटरबद्दल मात्र तक्रार आहे. बाहेरच्या गोलावर पीएसआय लाल रंगात आणि आतल्या गोलावर बार काळ्या रंगात, आणि आतले आकडे इतके बारीक की बॉनेटखाली अर्धवट उजेडात 1.1 आणि 1.4 मधला फरक कळत नाही. मी सरळ मार्करने काचेवर माझ्या झाकणाच्या आकड्याची खूण केली.

आणि हे मॅन्युअलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही म्हणून नीट वाचा: इंजिन कोमट असताना टेस्ट करू नका. कोमट इंजिन थंड होत जातं तसं आतलं प्रेशर आपोआप उतरतं, काटा खाली येतो आणि तुम्ही नसलेलं लिकेज शोधत बसता. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करायच्या आधी घ्या. आणि टेस्टच्या आधी खुद्द पंप गळत नाही ना ते बघा, कारण या सेटमधलं नळीचं क्विक कपलर (झटपट लावायचा-काढायचा जोड) हा कच्चा दुवा आहे. झाकण तपासायचा जो दोन तोंडांचा अडॅप्टर येतो त्याच्या एका बाजूला गाडीचं झाकण लावायचं, दुसऱ्या बाजूला पंप, झाकणाच्या आकड्याच्या जरा खालपर्यंत भरायचं आणि बघायचं. काटा उभा राहिला तर झाकणही चांगलं आणि पंपही. खाली आला तर दोघांपैकी एक गळतोय, साबणाचं पाणी कपलरला लावलं की लगेच कळतं. माझ्या सेटमध्ये कपलरमधली ओ-रिंग (सील करणारं रबरी कडं) कोरडी होती, बोटाने थोडा कूलंट चोळल्यावर गप्प बसली.

झाकणाच्या या टेस्टला कमी समजू नका, माझ्या मते सेटचे अर्धे पैसे इथेच वसूल होतात. मेव्हण्याच्या गाडीचाही कूलंट कमी होत होता, कुठेही ओल नाही, होज नवीन, वॉटर पंप नवीन, सगळं बदलून झालं होतं. झाकण लावून बघितलं तर आकड्याच्या निम्म्यावरच फुस्स करून सोडून देत होतं. म्हणजे लिकेज नव्हतंच, प्रेशर न धरल्यामुळे चढावर कूलंट उकळून झाकणातूनच बाहेर जात होता आणि वाऱ्याने वाळत होता. झाकणात उलट्या बाजूचीही एक व्हॉल्व असते, इंजिन थंड होताना आत निर्वात व्हायला लागलं की ती उघडते. ती अडकली तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. झाकण बदललं, विषय संपला. एवढीशी वस्तू, पण ती तपासल्याशिवाय लोक वॉटर पंप बदलतात.

आता माझ्या गाडीवर काय झालं. 15 पीएसआय भरलं, काटा जरा वेळ उभा राहिला, मग अगदी आस्ते आस्ते सरकायला लागला. एकदम पडला असता तर मोठी भेग, सापडायला सोपी. हळू सरकतोय म्हणजे शोधाशोध आली. रेडिएटरचे दोन्ही जोड टिशूने पुसून बघितले, टिशू कोरडा. होजच्या क्लिपांपाशी बोट फिरवलं, कोरडं. वॉटर पंपाला खाली एक छोटं भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून कूलंट येतो आणि भोकाखाली रंगीत पापुद्रा धरतो, तिथेही काही नाही. शेवटी इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या वर, जिथे हात जेमतेम जातो तिथे छोटा आरसा आणि टॉर्च घालून बघितलं (स्वतःची टॉर्च, सेटमधली नाही), तर थर्मोस्टॅटच्या (तापमानाप्रमाणे कूलंटचा रस्ता उघडणारी व्हॉल्व) प्लास्टिक हाउसिंगच्या सांध्याला गुलाबी-पांढरट पापुद्रा आणि त्याच्या खालच्या कडेला एक थेंब हळूहळू मोठा होत होता, सुटला, गिअरबॉक्सच्या पाठीवरून घरंगळत पुढे आला आणि खालच्या पत्र्याच्या कडेने रेडिएटरच्या बाजूला गेला. वर्कशॉपवाल्याला पुढे ओल दिसली ती ही. म्हणून तर ओल दिसते तिथून वर वर जात बघायचं, सगळ्यात वरची ओली जागा हीच खरी जागा.

ओल दिसली म्हणजे कूलंटच, असंही नाही. एसीचं पाणी पण खाली पडतं, ते नितळ, बिनवासाचं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतो, वास गोडसर येतो, वाळला की रंगीत खपली राहते. चव घेऊन बघायचा शहाणपणा कुणी करू नका, इथिलीन ग्लायकोल विषारी असतं, आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, तेव्हा खाली सांडलेलं लगेच पुसून घ्या. गाडीच्या आत गोड वास येत असेल, पुढच्या काचेवर तेलकट धुकं धरत असेल किंवा डॅशबोर्डखालचा गालिचा ओला लागत असेल तर बॉनेटखाली बघून उपयोग नाही, हीटर कोअर गळतोय. पंप लावून प्रेशर भरलं की तो गालिचा अजून ओला होतो, तेवढी खात्री करून घेता येते.

यूव्ही टॉर्च आणि डायबद्दल. आयडिया चांगली आहे, डाय कूलंटमध्ये टाका, गाडी चालवा, अंधारात टॉर्च मारा, जिथून गळतंय तिथे पोपटी चमक दिसते. इंजिन गरम असतानाच गळणारी लिकेज असतात, धातू फुगल्यावरच भेग उघडते, त्यांना थंड टेस्ट फसते आणि तिथे डायच कामाला येतो. पण सेटमधली टॉर्च म्हणजे जांभळ्या उजेडाचं खेळणं आहे. 395 नॅनोमीटरवाली आहे, तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की त्यात चमक हरवून जाते, 365वाली घेतली तर डाय खरोखर उठून दिसतो. शिवाय काही कूलंटमध्ये मुळातच चमकणारा रंग असतो, त्यांना वेगळ्या डायची गरज नाही. मग ती बाटली देण्यापेक्षा अजून दोन अडॅप्टर दिले असते तर बरं झालं असतं.

पंपाला काय कळत नाही तेही सांगतो. काटा उतरतोय पण बाहेर कुठेच थेंब नाही, आत गालिचाही कोरडा, अशा वेळी हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) शंका घ्यायची. थंड इंजिन चालू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा कडक होतो, टाकीत सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर जातो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही, ऑइल दुधाळ होतं, यातलं काहीही पुरेसं आहे पण सगळं एकदम दिसेलच असं नाही. त्यासाठी ब्लॉक टेस्टर नावाचं वेगळं यंत्र मिळतं, काचेच्या नळीत निळं केमिकल भरून टाकीच्या तोंडावर धरायचं आणि आतली हवा त्यातून ओढायची, पेट्रोल इंजिनचा जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं पिवळं होतं. टाकीची लेव्हल आधी कमी करून घ्या, कूलंटच नळीत शिरला तर टेस्ट वाया. हा सेटमध्ये नाही, आणि जाहिरातीत "कम्प्लीट किट" लिहिलंय त्याचा राग याचसाठी. आणि सिलिंडरमध्ये कूलंट जात असल्याची दाट शंका असेल तर प्रेशर भरून ठेवल्यावर प्लग काढून बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग गॅस्केट परवडलं म्हणायची वेळ येते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. थोडा कूलंट काढून घेतला, होज सोडवला, हाउसिंगचे बोल्ट काढले. आतली ओ-रिंग मुळात गोल असते, ती निघाली तेव्हा दाबून दाबून चपटी आणि इतकी कडक झालेली की वाकवली तर तुटली. प्लास्टिकच्या कडेलाही केसासारखी चीर होती, म्हणून नुसती ओ-रिंग न टाकता थर्मोस्टॅटसकट पूर्ण हाउसिंग नवीन टाकलं. बसायची जागा चकाचक साफ करायची, जुना पापुद्रा राहिला तर नवीन ओ-रिंगही गळणार, पण ॲल्युमिनियम आहे तेव्हा स्क्रूड्रायव्हरने खरवडायचं नाही, प्लास्टिकची पट्टी वापरायची. सिलिकॉनचा गोळा लावायची सवय असेल तर आवरा, ओ-रिंगच्या जागी त्याची गरज नसते आणि आत पडलेले तुकडे रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात. बोल्ट छोटे असतात, जोर लावला की प्लास्टिक तडकतं, टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा बघून तेवढंच. होजला कंपनीची स्प्रिंगची क्लिप होती तीच परत लावली. लोक ती काढून स्क्रूची लावतात, पण रबर गरम-थंड होताना जाड-बारीक होतं तसं स्प्रिंगवाली सांभाळून घेते, स्क्रूवाली पुन्हा पुन्हा आवळत बसावी लागते.

भरताना घाई करू नका. कूलंट गाडीच्या मॅन्युअलमध्ये ज्या स्पेसिफिकेशनचा सांगितलाय तोच, रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी-निळा हा नुसता रंग आहे, दोन कंपन्यांचे गुलाबी कूलंट आतून वेगळे असू शकतात आणि भलते मिसळले तर आत गाळ धरतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर डीमिनरलाइज्ड पाणी, निम्मं-निम्मं, त्या मिश्रणाला उणे 37 डिग्रीपर्यंत गोठण्याची भीती नाही. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात अजून पाणी घालायचं नाही. मग हीटर फुल गरमवर ठेवून, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत भरायचं, इंजिन चालू करायचं, फॅन लागून बंद होईपर्यंत थांबायचं. फॅन आपोआप लागतो, हात लांब ठेवा. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत हवा अडकलीय, पूर्ण थंड करून परत लेव्हल बघा. माझ्याकडे सगळं बसवल्यावर दुसऱ्या सकाळी परत पंप लावला, काटा जिथे ठेवला तिथेच, पंधरा मिनिटांनी पण हललेला नाही. रेडिएटर तोच जुना आहे, अजून एक थेंब गळत नाही.

कुणी विचारायच्या आधी सांगतो, लिकेज बंद करायचं ते औषध, टाकीत ओतायचं वालं, मी वापरलं नाही आणि वापरणार नाही. भेग भरते की नाही हा नशिबाचा भाग, पण हीटर कोअरच्या बारीक नळ्या त्याने चोंदू शकतात, आणि एक लिकेज थांबवायच्या नादात हीटर थंड पडतो. कुठे आडरानात अडकलात आणि घरी पोचायचंय तर ठीक, एरवी नको.

घ्यायच्या आधी एकच बघा, तुमच्या गाडीच्या टाकीच्या आट्यांचा अडॅप्टर सेटमध्ये आहे का. चार्ट येतो पण त्यात गाड्यांची नावं चुकीची किंवा जुनी, रंगावरून ओळखा म्हणतात आणि माझ्या पेटीत दोन अडॅप्टर एकाच निळ्या रंगाचे निघाले. विक्रेत्याला आट्यांचा फोटो पाठवून विचारलं तर उत्तर मिळतं, मला मिळालं. ॲल्युमिनियमचे अडॅप्टर असतील तर उत्तम, प्लास्टिकवाल्यांच्या आटी दोन-चार वेळा आवळल्यावर झिजतात. वापर झाला की पंप आणि नळी साध्या पाण्याने धुऊन, उलटी टांगून वाळवून मगच पेटीत ठेवा, आत कूलंट राहिला तर मीटरचा काटा चिकटतो आणि शून्यावर येत नाही. पेटीची एक कडी पहिल्याच आठवड्यात तुटली, सध्या रबरबँडवर चाललंय. पाचपैकी चार, टॉर्च नसती दिली तरी चारच दिले असते.